तळटीप ७ : ‘शेवटचा एक’

७. पोटॅशियमच्या एकोणिसाव्या इलेक्ट्रॉनचा हा उल्लेख आहे. मुक्ताईनगर (पूर्वीचे एदलाबाद), रावेर, यावल या केळीपट्ट्यात लाल पोटॅश म्हणून टाकतात ते खत म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. खड्यांची लाली लोहाच्या ऑक्साइडची. पोटॅशियमचे इलेक्ट्रॉन के, एल, एम, एन या कवचांत २, ८, ८, १ असे असतात. एम कवचात १८ मावतात हे शाळेत पाठ केलेला वाचक इथे अडखळेल. पण अणूत आधी भरते ती कमी ऊर्जेची जागा, आणि इथे ती चौथ्या कवचाच्या एस कक्षकात आहे. म्हणून एकोणिसावा तिकडे जातो. तिथे त्याच्यावरची पकड सैल असते आणि तो सहज सुटतो. क्लोरिनला (२, ८, ७) नेमका एकच हवा असतो. देवाणघेवाण झाली की दोघांचीही मांडणी आर्गॉनसारखी, २, ८, ८ होते. केळीची मुळे शोषतात तो हा इलेक्ट्रॉन गमावलेला धनभारित आयन. हम्फ्री डेव्हीने १८०७ मध्ये प्रथम वेगळा केलेला पोटॅशियम धातू मात्र पाण्यात पडताच जांभळट ज्योतीने पेटतो. खताच्या पोत्यावरचा ६० टक्क्यांचा आकडा पोटॅशियम ऑक्साइडच्या हिशेबातला आहे.