गहाण सुटण्याची शेवटची तारीख

दिल्लीच्या वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर बँकांच्या ताबा-नोटिशींच्या चौकटी छापून येतात. करोल बागेत, जेथे माझे वास्तव्य आहे, तशीच नोटीस अधूनमधून एखाद्या दारावर चिकटवलेलीही दिसते. शेजारी थकबाकीचा आकडा वाचून हळहळतात. पण त्या घराच्या मालकाच्या दृष्टीने कळीचा प्रश्न आकड्याचा नसून तारखेचा असतो. पैसे भरून हे घर कोणत्या क्षणापर्यंत परत मिळवता येते? या तारखेचा इतिहास मोठा आहे, आणि त्याचा बराचसा भाग आपल्या महाराष्ट्रात घडलेला आहे.

आधी एका शब्दाविषयी. अमेरिकेतील मराठी वाचकांना ‘फोरक्लोजर’ म्हणजे हप्ते थकल्याने घर गमावणे, हे २००८ च्या आसपास शेजारीपाजारी पाहून ठाऊक असेल. भारतात मात्र बँकेच्या खिडकीशी हाच शब्द उच्चारला, तर कारकून मुदतीपूर्वी कर्ज फेडण्याचा अर्ज पुढे करतो! तेव्हा येथे आपण ‘गहाण’ आणि ‘लिलाव’ हे जुने शब्दच वापरू.

आपल्याकडे गहाणाचे प्रकार लोकांना नावानिशी ठाऊक होते. जमीन कर्जदाराच्याच ताब्यात राहून केवळ तारण असेल तर नजरगहाण. सावकाराने ताबा घेऊन उत्पन्न खावे असे ठरले तर ताबेगहाण. आणि मुदतीत पैसे न दिल्यास गहाण हीच विक्री समजावी अशी अट असेल तर मुदतखरेदी. या शेवटच्या प्रकारात तारीख उलटली की जमीन गेली. अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले, कापसाचे भाव कोसळले, त्यातच दख्खनमध्ये वाढीव सारा बसला आणि शेतकरी सावकाराच्या खात्यात खोल रुतला. सावकार दिवाणी न्यायालयातून हुकूमनामे मिळवीत. कित्येकदा ते एकतर्फी असत, कारण प्रतिवादी हजरच होत नसे. १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंगा उसळला. दंगेखोरांचा मुख्य रोख होता तो खते, रोखे आणि हुकूमनामे यांवर. कागद जळाला की गहाण सुटले, असा त्यांचा हिशेब होता.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. प्रारंभी तो पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता होता. रोख्यावर लिहिलेला आकडा अंतिम न मानता व्यवहाराचा मूळापासूनचा हिशेब तपासण्याचे कर्तव्य या कायद्याने न्यायालयावर टाकले. विशेषतः गहाण न ठेवलेली शेतजमीन केवळ पैशाच्या हुकूमनाम्यापोटी विकता येऊ नये, असेही ठरले. कागदावर ‘विक्री’ लिहिलेली असली तरी मुळात तो व्यवहार गहाणाचाच होता काय, हे पाहण्याची मुभाही पुढे मिळाली. न्यायमूर्ती रानडे यांनी याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केले होते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला रानड्यांचे लेखन माहीत असते, त्यामागचे खतावण्यांचे ढीग सहसा माहीत नसतात.

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने गहाण सोडवण्याचा हक्क कलम ६० मध्ये मांडला. न्यायालयाबाहेर तारण विकण्याची मुभा कलम ६९ ने मोजक्या प्रसंगीच दिली. इंग्रजी पद्धतीचे गहाण असावे आणि दोन्ही पक्षांत हिंदू, मुसलमान वा बौद्ध कोणी नसावा, ही त्यांतली एक अट वाचून आज आश्चर्य वाटते. मुंबई, कलकत्ता व मद्रास शहरांतील मालमत्तेला, करारात तशी तरतूद असल्यास, वेगळी सवलत होती. बाकी सर्वांना दावा, प्राथमिक हुकूमनामा, मग अंतिम हुकूमनामा, मग लिलाव अशी वाट होती. ती अतिशय लांब असे आणि लबाड कर्जदारांना फार मानवत असे, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. १९९३ मध्ये कर्जवसुली न्यायाधिकरणांचा कायदा झाला. तरी थकीत कर्जांचा डोंगर हलेना. अखेर २००२ मध्ये ‘सरफेसी’ कायद्याने बँकांना न्यायालयात न जाता तारण विकण्याचा अधिकार दिला.

आजची प्रक्रिया अशी. नव्वद दिवस हप्ता थकला की खाते अनुत्पादित ठरते. मग कलम १३(२) खाली साठ दिवसांची नोटीस येते. तिला लेखी आक्षेप घेता येतो आणि बँकेला पंधरा दिवसांत सकारण उत्तर द्यावे लागते. हे उत्तराचे बंधन सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या ‘मार्डिया केमिकल्स’ निकालाचे फळ आहे. न्यायाधिकरणात जाण्यापूर्वी पंचाहत्तर टक्के रक्कम भरण्याची अटही त्याच निकालाने रद्द केली. साठ दिवस संपल्यावर बँक सांकेतिक ताबा घेते, दारावर आणि दोन वर्तमानपत्रांत नोटीस लावते; प्रत्यक्ष ताब्यासाठी दंडाधिकाऱ्यांचे साहाय्य मागते. बँकेच्या या कारवाईविरुद्ध पंचेचाळीस दिवसांत न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. मूल्यांकन होऊन राखीव किंमत ठरते आणि तीस दिवसांच्या नोटिशीनंतर लिलाव होतो.

आता मूळ प्रश्न. २०१४ मध्ये मॅथ्यू वर्गीस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कलम ६० चा आधार घेऊन विक्रीपूर्वीचे तीस दिवस म्हणजे मालकाला घर सोडवण्याची खरीखुरी संधी होय, असे मानले. २०१६ च्या दुरुस्तीने ही सीमा मागे ओढली. लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होण्यापूर्वीच सर्व थकबाकी व खर्च भरला पाहिजे, असे कलम १३(८) आता म्हणते. मुंबईच्या बाफना मोटर्सच्या प्रकरणात नवव्या प्रयत्नात १०५.०५ कोटींची बोली लागली होती. त्यानंतर कर्जदाराला १२९ कोटी भरून गहाण सोडवण्याची मुभा उच्च न्यायालयाने दिली; ती सर्वोच्च न्यायालयाने २१ सप्टेंबर २०२३ रोजी रद्द केली. जाहिरात निघाली की हक्क संपला.

या निकालामागचे अर्थशास्त्र मला पटते. मिळालेली वस्तू केव्हाही काढून घेतली जाणार असेल तर लिलावाला कोण येईल, आणि आला तरी पुरती किंमत कशाला देईल? परंतु कारखान्याच्या तारणाला आणि राहत्या घराला एकच घड्याळ लावणे मला योग्य वाटत नाही. जे तीस दिवस पूर्वी मालकाला पैसे जमवण्यासाठी होते, ते आता मुख्यतः खरेदीदाराच्या कामी येतात. शेतजमीन मात्र कलम ३१ नुसार या कायद्याबाहेर आहे. सुप्याचा एक अस्पष्ट प्रतिध्वनी तेथे ऐकू येतो. गावाकडील घर सहकारी बँकेकडे तारण आहे म्हणून निर्धास्त असणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की, कागल तालुक्यातील मुरगूडच्या विश्वासराव पाटील सहकारी बँकेच्या खटल्यात ५ मे २०२० रोजी घटनापीठाने सहकारी बँकांनाही हा कायदा लागू असल्याचे ठरवले आहे.

खरेदीदाराविषयी थोडे. लिलावातले घर ‘जसे आहे, जेथे आहे’ या तत्त्वावर मिळते. २०२३ च्या के. सी. निनन निकालानंतर मागील मालकाचे वीजबिलही अशा खरेदीदाराच्या माथी येऊ शकते. करोल बागेसारख्या भागात एकाच भूखंडावरचे मजले निरनिराळ्या मालकांचे असतात आणि दिल्लीत अनेक व्यवहार केवळ मुखत्यारपत्रावर झालेले आहेत. अशा कागदाने मालकी मिळत नाही, हे २०११ च्या सूरज लॅम्प निकालाने स्पष्ट केले. म्हणून मालकीची साखळी मागे जाऊन तपासावी, आणि आत कोण राहते हे स्वतः पाहून यावे. बोली मान्य होताच त्याच दिवशी किंवा पुढच्या कामकाजाच्या दिवशी पंचवीस टक्के भरावे लागतात. उरलेली रक्कम मुदतीत न भरल्यास ते जप्त होतात.

मालकासाठी एक तरतूद सहसा कोणी सांगत नाही. थकबाकी आणि खर्च वजा जाता लिलावातून काही उरले, तर ती रक्कम कलम १३(७) नुसार बँकेची नसते, ती ज्याचा हक्क असेल त्याला परत द्यावी लागते. तिचा हिशेब बँकेकडे लेखी मागावा आणि अर्जाची पोच जपून ठेवावी.