पार्किन्सनची गोळी घड्याळावर चालते; शिरूर-दौंडच्या घरांनी काय सांभाळावे

शिरूर/दौंड : हात थरथरतो, चाल मंदावते, अंग आखडते, बटण लावायला दहा मिनिटे लागतात. पुण्याला दाखवल्यावर डॉक्टर पार्किन्सन सांगतात आणि चिठ्ठीवर बहुतेक वेळा लेव्होडोपा-कार्बिडोपा ही जोडगोळी येते. मेडिकलमध्ये ती सिंडोपा, टिडोमेट अशा नावांनी मिळते. गोळी सुरू झाली की माणूस पुन्हा स्वतःच्या हाताने जेवतो, गोठ्यापर्यंत चालत जातो. पण ही गोळी बीपीच्या गोळीसारखी 'सकाळी एक घेतली की झालं' अशी नसते. तिची वेळ चुकली, ती मध्येच बंद झाली किंवा तिच्याबरोबर चुकीचे दुसरे औषध गेले, तर चालता माणूस अंथरुणाला खिळू शकतो.

मेंदूत डोपामिन नावाचे रसायन असते. शरीराच्या हालचाली सुरळीत ठेवायला ते लागते. पार्किन्सनमध्ये ते तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात. लेव्होडोपा मेंदूत पोचून त्याचे डोपामिन होते. कार्बिडोपाचे काम राखणदाराचे. लेव्होडोपा वाटेतच खर्ची पडू नये आणि मळमळ कमी व्हावी म्हणून ते जोडीला दिलेले असते. गोळीचा असर काही तासच टिकतो, म्हणून ती दिवसातून तीन, चार, कधी पाच वेळा असते. आजार जुना झाला की पुढची गोळी यायच्या आधीच पाय अडायला लागतात. 'दुपारी तीनला नाना जागचे हलत नाहीत' असे घरात कोणी म्हणत असेल, तर ती वेळ लिहून ठेवून डॉक्टरांना दाखवावी. त्यावरूनच डोसाच्या वेळा बदलता येतात. आपल्या मनाने जादा गोळी दिली तर उलट हात-पाय-मान आपोआप वेडीवाकडी हलू लागते.

भाकरी आधी की गोळी आधी?

साधारण नियम असा : जेवणाच्या अर्धा तास आधी किंवा जेवल्यावर तासाभराने, भरपूर पाण्याबरोबर, बसून. कारण दूध, डाळ, अंडी, मटण यांतले प्रोटीन आणि लेव्होडोपा शरीरात एकाच दाराने आत जातात. दोघे एकदम आले की गोळी मागे राहते. शिरूर-दौंडकडे घरोघर दुभती जनावरे, त्यामुळे म्हाताऱ्या माणसाला गोळी पेलाभर दुधाबरोबर द्यायची पद्धत सर्रास दिसते. माया खरी, पण त्या पेल्याने गोळीचा निम्मा उपयोग जाऊ शकतो. दूध द्यावे, फक्त गोळीपासून लांब द्यावे. दूध-डाळ अजिबात बंद करू नये. या आजारात वजन आधीच उतरत असते. सुरुवातीला रिकाम्या पोटी मळमळले तर दोन साधी बिस्किटे किंवा थोडे कुरमुरे खाऊन गोळी घ्यावी. लोहाची म्हणजे रक्तवाढीची गोळी चालू असेल तर तीही याच वेळी घेऊ नये, दोन्हींत किमान दोन तास जाऊ द्यावेत.

गोळीची वेळ राहून गेली तर आठवेल तेव्हा घ्यावी. पुढची वेळ जवळ आली असेल तर राहिलेली सोडून द्यावी, दोन एकदम घेऊ नयेत. एकादशीचा उपवास असो की गावची जत्रा, गोळीला सुट्टी नाही. तुकोबांची पालखी यवत-वरवंडवरून जाते तेव्हा दोन टप्पे का होईना चालायचे, असा हट्ट धरणारे जुने वारकरी असतात. त्यांनी गोळ्या सामानाच्या ट्रकमध्ये न ठेवता बंडीच्या खिशात ठेवाव्यात.

एकदम बंद करणे सगळ्यात धोक्याचे

'आता बरं वाटतंय', 'गरम पडते', 'मेडिकलमध्ये नव्हती' या कारणांनी गोळी अचानक थांबते. तसे झाले तर काही दिवसांत, कधी त्याहूनही लवकर, अंग लाकडासारखे ताठ होते, जोराचा ताप चढतो, माणूस बरळू लागतो. हे जिवावर बेतू शकते. घरी ताप उतरायची वाट न बघता १०८ ला फोन करावा आणि 'पार्किन्सनची गोळी बंद झाली होती' हे वाक्य डॉक्टरांना पहिल्यांदा सांगावे. पॅसिटेन (ट्रायहेक्सीफेनिडिल), अमॅन्टाडिन, प्रॅमिपेक्सॉल या जोडीच्या गोळ्याही डॉक्टरांना विचारूनच हळूहळू कमी करतात.

तालुक्याच्या गावात प्रत्येक मेडिकलवाला ही औषधे ठेवतोच असे नाही. आठ दिवसांच्या गोळ्या उरल्या की नव्या मागवाव्यात. लेव्होडोपा-कार्बिडोपा राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत आहे. सरकारी रुग्णालयात आणि जनऔषधी केंद्रात आधी विचारून पाहावे, खर्च वाचू शकतो.

घेताना पाकिटावरचा आकडा वाचावा. सिंडोपा ११० म्हणजे १०० मिलिग्रॅम लेव्होडोपा आणि १० कार्बिडोपा. १२५ मध्ये १०० आणि २५. २७५ मध्ये २५० आणि २५. म्हणजे '११० नाही, २७५ घेऊन जा' म्हटले की लेव्होडोपा एका फटक्यात अडीचपट होते. नावापुढे सीआर असेल तर ती सावकाश विरघळणारी गोळी. ती चावू नये, कुटून पाण्यात घालू नये. साध्या गोळीऐवजी सीआर किंवा उलट असा बदल दुकानातच करून घेऊ नये.

उलटीचे इंजेक्शन आणि चक्कर येण्याची गोळी

गावात खरी गफलत होते ती इथे. उलटी झाली की पेरिनॉर्म म्हणजे मेटोक्लोप्रमाइडचे इंजेक्शन आणि चक्कर आली की स्टेमेटिल म्हणजे प्रोक्लोरपेराझिन, ही औषधे गावोगाव सहज दिली जातात. इतरांना ती चालतात. पार्किन्सनच्या रुग्णात मात्र ती डोपामिनचीच वाट अडवतात आणि आजार वाढल्यासारखा होतो. सिनारिझिन, फ्लुनारिझिन या चकरेच्या गोळ्यांचेही तेच. निरोगी माणसाला ही औषधे महिनोन् महिने चालू राहिली तर त्यालाही कंप आणि ताठरपणा येऊ शकतो. म्हणून थरथर नवीन असेल तर आधी घरातली सगळी औषधे डॉक्टरांसमोर ठेवावीत. उलटीसाठी डोम्पेरिडोन किंवा ऑन्डान्सेट्रॉन असे पर्याय आहेत, कोणता द्यायचा ते डॉक्टर ठरवतील.

दवाखान्यात भरती असताना रात्री रुग्ण बडबड करू लागला की शांत करायला हॅलोपेरिडॉल दिले जाते. तेही टाळायचे औषध आहे. हर्निया, प्रोस्टेट, कसलेही ऑपरेशन असले तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधीच सांगावे आणि 'उपाशी ठेवाल तेव्हा ही गोळी घोटभर पाण्याबरोबर द्यायची का' हे विचारावे. रॅसाजिलिन किंवा सेलेजिलिन चालू असणाऱ्यांनी डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेले खोकल्याचे औषध आणि ट्रॅमाडॉल ही वेदनेची गोळी परस्पर घेऊ नये.

खाजकुइलीचे, म्हणजे कवचबीजाचे चूर्ण 'कंपवातावर देशी उपाय' म्हणून व्हॉट्सॲपवर फिरते. त्यात तथ्य नाही असे नाही. या बियांत निसर्गतःच लेव्होडोपा असते. अडचण तीच आहे. चमच्यात किती गेले ते कळत नाही आणि वरून गोळी चालूच. चूर्ण घेत असाल तर लपवू नका, डॉक्टरांना दाखवा.

कशाला घाबरायचे, कशाला नाही

लघवी, घाम, थुंकी लालसर किंवा काळपट होते, बनियनला डाग पडतात. यात घाबरण्यासारखे काही नाही. उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येणे मात्र गंभीर, कारण या वयात पडले की खुब्याचे हाड जाते. खाटेवर आधी बसावे, मिनिटभर पाय हलवावेत, मग उभे राहावे. बीपीच्या गोळ्या जास्त होत असतील तर त्या तपासून घ्याव्यात. बद्धकोष्ठतेने गोळी उशिरा लागू पडते, म्हणून पाणी आणि पालेभाज्या नीट हव्यात.

प्रॅमिपेक्सॉल, रोपिनिरोल घेणाऱ्यांना कधी कधी बसल्या जागी एकदम झोप लागते. असे एकदा जरी झाले तरी मोटारसायकल आणि ट्रॅक्टर बंद. याच गोळ्यांनी काहींना जुगाराचा, ऑनलाइन रमीचा, उधळपट्टीचा किंवा कामवासनेचा अनावर ओढा लागतो. आयुष्यभर रुपाया जपून वापरलेला माणूस असा का वागतो, म्हणून घरात भांडणे होतात. कारण गोळीत असू शकते. लाज न बाळगता सांगावे, डोस कमी केला की बहुधा आवरते. नसलेली माणसे दिसू लागली, पॅसिटेनने विसरभोळेपणा वाढला किंवा लघवी अडली, तर लगेच कळवावे.

फोनमध्ये गोळीच्या वेळांचे गजर लावावेत. प्रत्येक पाकिटाचा फोटो ठेवावा आणि खिशात एक चिठ्ठी ठेवावी : आजार, गोळीचे नाव व आकडा, वेळा, आणि 'मेटोक्लोप्रमाइड, प्रोक्लोरपेराझिन, हॅलोपेरिडॉल देऊ नये'. शिरूरच्या ग्रामीण किंवा दौंडच्या उपजिल्हा रुग्णालयात रात्री नेण्याची वेळ आली तर ही चिठ्ठी आधी पुढे करावी. पुण्याला तपासणीला जाताना चालू गोळ्यांची पाकिटे आणि अडणाऱ्या वेळांची वही बरोबर न्यावी. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ हा रुग्ण आणि त्यांच्या घरच्यांचा स्वमदत गट आहे. ११ एप्रिलला जागतिक पार्किन्सन दिन असतो.