घर तुमचं, जमीन सरकारची: छावणीतल्या घरपट्टीचा इतिहास

मागच्या भागात आपण नोव्हेंबर १८१७ ची सीताबर्डीची लढाई पाहिली. आज त्याच वर्षाच्या डिसेंबरात, जबलपुरात येऊ. विषय मात्र लढाईचा नाही, घरपट्टीचा आहे. जबलपूरच्या सदर बाजारात, महू किंवा सागरमध्ये, कामठी, देवळाली, पुण्याच्या कॅम्पात ज्यांचं घर आहे, त्यांनी हा भाग शेवटपर्यंत ऐकावा.

१७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडल्याचं गोंड राज्य संपवलं. १७९८ पासून हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे होता. १९ डिसेंबर १८१७ रोजी इंग्रजांनी भोसल्यांच्या फौजेचा पराभव करून जबलपूर घेतलं. मुलूख हाती आला की फौज ठेवावी लागते, आणि फौज आली की अधिकाऱ्यांना घरं लागतात. कंपनी सरकारने घरं बांधली नाहीत. जागा दिली आणि सांगितलं, स्वतःच्या खर्चाने बंगला बांधा.

पण कोणत्या अटीवर? जबलपूरची पलटण बंगालच्या फौजेची. त्या फौजेसाठी १२ सप्टेंबर १८३६ रोजी गव्हर्नर जनरलचा १७९ क्रमांकाचा हुकूम निघाला. जमीन सरकारचीच राहील. एका अधिकाऱ्याने दुसऱ्याला घर विकावं, जमीन विकता येणार नाही. लष्कराबाहेरच्या माणसाला घर द्यायचं तर कमांडिंग ऑफिसरची लेखी संमती हवी. आणि सरकारला गरज पडली, तर एक महिन्याची सूचना आणि मंजूर बांधकामाची किंमत देऊन जागा परत घेता येईल. याला आजही ‘ओल्ड ग्रँट’ म्हणतात. कामठी मद्रासच्या फौजेकडे होती, पुणे मुंबईच्या; तिथले हुकूम वेगळे.

मग कर कुठून आला? रोगराईतून. लढाईत पडले त्याहून जास्त गोरे सैनिक ताप, पटकी आणि अतिसाराने मरत. १८५७ नंतर गोऱ्या पलटणी वाढल्या, तेव्हा हा प्रश्न लंडनपर्यंत गेला. १८६३ मध्ये रॉयल कमिशनने हिंदुस्थानातल्या फौजेच्या आरोग्यावर अहवाल दिला आणि लगेच १८६४ मध्ये छावण्यांचा कायदा आला. गटारं, पाणी, कत्तलखाना, बाजाराची सफाई या सगळ्याला पैसा हवा, तो रहिवाशांकडून घ्यायचा. पुढे १८८९ चा कायदा झाला. १९२४ च्या कायद्याने बोर्डात लोकांनी निवडलेले सभासद बसू लागले. आज २००६ चा कायदा लागू आहे.

म्हणजे बघा, छावणीतल्या घरावर दोन वेगळे हिशोब चालतात. जमिनीचा हिशोब १८३६ च्या हुकुमातून आला, कराचा हिशोब १८६४ पासून. बोर्ड कर घेतं ते सोयीसुविधांसाठी. पावतीवर तुमचं नाव आहे याचा अर्थ जमीन तुमची, असा होत नाही. लोकांची फसगत नेमकी इथे होते. आजोबांच्या वेळेपासूनच्या पावत्या जपून ठेवलेल्या असतात, आणि घर विकायची वेळ आली की त्या पुरत नाहीत.

सागर छावणीतल्या एका बंगल्याचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१२ मध्ये निकाल सरकारच्या बाजूने लागला. छावणीचं जनरल लँड रजिस्टर हा सार्वजनिक दस्तऐवज म्हणून कोर्टाने ग्राह्य धरला. म्हणून पहिलं काम, या रजिस्टरचा उतारा काढा. घर नागरी वस्तीत, म्हणजे बाजार भागात असेल तर तो बोर्डाच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याकडे मिळतो, बंगला भागात असेल तर डिफेन्स इस्टेट्स ऑफिसमध्ये. उताऱ्यावर ‘बी-३’ लिहिलेलं असेल, तर जमिनीची मालकी सरकारने स्वतःकडे राखलेली आहे.

दुसरं काम कराचं. निदान तीन वर्षांतून एकदा बोर्डाने नवी आकारणी यादी करायची असते. यादी प्रसिद्ध झाली की ठरलेल्या तारखेच्या आत लेखी हरकत द्या. बोर्ड नवा कर सुचवत असेल, तर त्यावरही तीस दिवसांत हरकत घेता येते. आकारणी कायम झाली तर जिल्हा न्यायालयात अपील आहे. त्यालाही मुदत तीस दिवसांचीच आणि आधी रक्कम भरावी लागते. घर सलग साठ दिवस किंवा जास्त रिकामं राहिलं, भाडं आलं नाही, तर सूट मिळू शकते; पण आधी लेखी कळवलेलं असावं. १६ फेब्रुवारी २०२१ पासून ‘ई-छावणी’ पोर्टल आहे. कर भरणं, तक्रार नोंदवणं घरबसल्या होतं. मुलं पुण्यात किंवा परदेशात आणि घर जबलपुरात, अशा कुटुंबांना त्याचा मोठा उपयोग.

एक गोष्ट मात्र पोर्टलने सुटत नाही. लष्कराच्या इमारतींवर घरपट्टी नाही; केंद्राची मालमत्ता करमुक्त असते, तिच्याबद्दल बोर्डाला सेवाशुल्क मिळतं. ते रखडलं की ओढाताण बोर्डाची आणि खड्डे रहिवाशांच्या दारात. त्यात बहुतेक छावण्यांत शेवटच्या निवडणुका २०१५ मध्ये झाल्या. ३० एप्रिल २०२३ ला ठरलेल्या निवडणुका रद्द झाल्या. १९२४ मध्ये मिळालेली खुर्ची अशी रिकामी राहिली. छावण्यांचा नागरी भाग वेगळा काढून नगरपालिकेला जोडायचं धोरणही आलं आहे. हिमाचलातली योल छावणी २०२३ मध्ये बंद झाली.

मी गणवेशात असताना छावणी म्हणजे आमची, असंच समजायचो. पण सदरमधला दुकानदार आणि सोनारही त्या पलटणीबरोबरच वसले. त्यांचा हक्क कमी नाही, फक्त त्याचे कागद वेगळे आहेत. ते कागद या महिन्यातच काढून घ्या, घर विकायची किंवा वाटणीची वेळ येण्याआधी.

पुढच्या भागात १८५७, जबलपूर आणि राजा शंकरशाह. जय हिंद.