कोडाचा ठपका

आपल्याकडे कोडाच्या वाट्याला औषधांपेक्षा दूषणंच जास्त आली. दूध आणि मासे एकत्र खाल्ले, आईने गरोदरपणी पथ्य पाळलं नाही, घराण्याला शाप भोवला, अशी कारणं पिढ्यानपिढ्या सांगितली गेली. कारण कुठलंही असो, ठपका घरातल्याच कुणावर तरी, आणि बहुतेक वेळा बाईवर आला. हा ठपका टिकला तो अज्ञानामुळे, असं आपण सहज म्हणतो. पण इतिहास पाहिला तर कोड आणि महारोग वेगळे आहेत हे ज्ञान इथे फार जुनं आहे. कोड हे काय नाही ते लोकांना कळलं होतं. ते नेमकं कशामुळे होतं, हे सांगणारं कुणी नव्हतं. ती रिकामी जागा ठपक्याने भरून काढली.

अथर्ववेदात किलास या पांढऱ्या डागांवर वनस्पतींचे उपाय आहेत आणि आयुर्वेदाने श्वित्राचा, म्हणजे कोडाचा, वेगळा विचार केला आहे. बावचीचं बी लावून उन्हात बसण्याचा उपचार त्याच परंपरेतला. इंग्रजी अमलातल्या १८९८ च्या कायद्याने महारोगी ठरवताना व्रण हा निकष धरला, आणि कोडात व्रण पडतच नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या जनगणनांमध्येही नुसते पांढरे डाग असलेल्यांना महारोग्यांत धरू नये, अशी प्रगणकांना सूचना होती. सरकारदरबारी फरक मान्य झाला, तरी लग्नाच्या बैठकीत तो मान्य झाला नाही. म्हणूनच २००६ सालीही सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांना ‘नितळ’ हा चित्रपट कोड असलेल्या मुलीच्या लग्नावर करावासा वाटला.

ठाण्याजवळच्या कळव्यात राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय १९९२ मध्ये सुरू झालं, तेव्हा कोडाबद्दल वैद्यकात तीन तर्क शेजारी शेजारी उभे होते: रंगपेशी आपोआप मरतात, चेतातंतूंचा काही दोष असतो, किंवा शरीराची प्रतिकारशक्तीच उलटते. पुढच्या काळात पुराव्याचं पारडं तिसऱ्या बाजूला झुकलं. छातीतल्या थायमस ग्रंथीचं प्रतिकारशक्तीतलं महत्त्व जॅक मिलर यांनी १९६१ मध्ये दाखवलं. तिथे तयार होणाऱ्या, प्रतिकाराचं काम करणाऱ्या टी-पेशींपैकी आपल्याच शरीरावर उठणाऱ्या बहुतेक पेशी तिथेच बाद होतात. काही मात्र निसटतात. २००९ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या संशोधकांनी डागाच्या कडेच्या त्वचेतून टी-पेशी काढून त्याच रुग्णाच्या निरोगी त्वचेच्या तुकड्यावर सोडल्या, तेव्हा त्यांनी तिथल्या रंगपेशी मारल्या. यातल्या काही पेशी त्वचेत ठाण मांडून बसतात. उपचार थांबले की पुष्कळदा जुन्याच जागी डाग का उमटतो, याचा खुलासा त्यातून होतो. बावची आणि ऊन यांचाही अर्थ लागतो: अतिनील किरण त्वचेतल्या टी-पेशींना आवरतात आणि केसांच्या मुळाशी उरलेल्या रंगपेशींना जागं करतात. डागात रंग परततो तो आधी केसांभोवतीच्या बारीक ठिपक्यांनी; बोटांची टोकं आणि ओठ यांवर केस नसतात, म्हणून तिथे तो फार कष्टाने येतो.

यावर कुणी म्हणेल की टिकलीचं काय? टिकलीच्या डिंकातल्या पॅरा-टर्शरी-ब्युटिलफिनॉल या रसायनामुळे कपाळावर नेमका टिकलीएवढा पांढरा डाग पडतो, हे भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी १९९० मध्येच नोंदवलं होतं. मग दोष रसायनाचा की टी-पेशींचा? खरं तर दोन्ही एकाच साखळीच्या कड्या आहेत. असं रसायन रंगपेशीला इजा करतं, आणि काही जणांत त्या इजेच्या हाकेने टी-पेशी धावून येतात. मग डाग टिकलीच्या कडा ओलांडून पसरतो. कळव्यापलीकडे दिघ्यापासून ठाणे-बेलापूरचा रासायनिक पट्टा लागतो. या भागात कोडाच्या रुग्णाला कोणत्या कामावर जाता, हातमोजे कसले वापरता हे विचारणं त्याच्या आहाराच्या चौकशीपेक्षा अधिक उपयोगाचं आहे.

दुसरा आक्षेप लग्न जुळवणारे घेतात: प्रतिकारशक्तीचा कल अनुवंशाने येतो, म्हणजे भीती खरीच ना? कल येतो, हे कबूल. पण जनुकं अगदी सारखी असलेल्या जुळ्यांतही एकाला कोड असताना दुसऱ्याला ते जवळपास २३ टक्के वेळाच आढळलं. जिथे जुळ्या भावंडाची खात्री देता येत नाही, तिथे होणाऱ्या मुलांच्या नावाने स्थळ नाकारणं कोणत्या आधारावर? नुसत्या माहितीने रूढी मोडत नाहीत हे खरं आहे, आणि गोऱ्या रंगाचा हव्यास टी-पेशींच्या ज्ञानाने जाणार नाही. तरीही ठपक्याला नेहमी कारण लागतं, आणि आईचं पथ्य, मुलीचं वागणं, घराण्याचं पाप ही सगळी कारणं आता खोटी ठरली आहेत. ती उच्चारली जातात तोवर माणसं डाग लपवतात आणि पसरणारं कोड थोपवण्याचे सुरुवातीचे महिने हातचे जातात. पहिला डाग दिसताच सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावं आणि घरात कुणालाही जाब विचारू नये, एवढं तरी या ज्ञानाने आपल्याकडून करून घ्यायला हवं.