उन्हाळ्यात फिश टँकचं पाणी थंड कसं ठेवायचं? बर्फापेक्षा पंखा भारी!

पुण्यात एप्रिल-मेमध्ये दुपारचा पारा ४० अंशांजवळ जातो आणि घरातल्या फिश टँकचं पाणी सहज ३० अंशांच्या वर जातं. मग बरेच जण फ्रीजमधला बर्फ टाकतात. मी मात्र टँकवर कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा छोटा पंखा लावलाय. का, ते बघूया.

गरम पाण्यात धोका काय?
पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. समुद्रसपाटीला २० अंशांच्या १ लिटर पाण्यात सुमारे ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना ७.५. पुणे साधारण ५६० मीटर उंचीवर असल्याने इथे अजून थोडा कमी. त्यात गरम पाण्यात माशांना ऑक्सिजन लागतो जास्त! मासे सारखे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर एअर पंप लगेच सुरू करा. गोल्डफिश थंड पाण्यातला मासा, त्याला त्रास सगळ्यात आधी होतो.

माठाचं गणित
१ किलो बर्फ १०० लिटर पाणी जेमतेम १ अंशाने थंड करतो. तेच १ लिटर पाणी वाफ होऊन उडालं, तर त्याच्या ५ पट उष्णता घेऊन जातं. माठ असाच थंड होतो. पंखा फक्त हे बाष्पीभवन वाढवतो. खोलीची उष्णता पाण्यात परत येत राहते, त्यामुळे प्रत्यक्षात फरक २-३ अंशांचा पडतो, पण हळूहळू. बर्फासारखा एकदम झटका बसत नाही.

ही ट्रिक पुण्यात चालते कारण इथला उन्हाळा कोरडा आहे. हवा ३८ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर बाष्पीभवनाने पाणी जास्तीत जास्त २१ अंशांपर्यंत उतरू शकतं. मुंबईसारख्या ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेच्या हवेत ही मर्यादा २८ अंश. आजची आर्द्रता हवामान खात्याच्या 'मौसम' ॲपवर दिसते.

काय करायचं?
१. झाकण काढून जाळी लावा, नाहीतर मासे उडी मारतील.
२. पंखा पाण्यावर तिरका लावा. वायर सॉकेटच्या खालून वळवून घ्या, म्हणजे थेंब सॉकेटमध्ये जाणार नाही.
३. हीटर बंद, दुपारी टँकचा लाईटही बंद. खाणं कमी द्या.
४. उडालेलं पाणी रोज भरा. नळाचं पाणी असेल तर आधी क्लोरीन काढायचं औषध घाला. क्षार टँकमध्येच साठतात, म्हणून नेहमीसारखं थोडं पाणी बदलणंही चालू ठेवा.
५. वीज गेली तर? ५ व्होल्टचा यूएसबी पंखा आणि यूएसबी एअर पंप पॉवर बँकवर चालतात. मे महिन्यात एक पॉवर बँक माशांसाठी चार्ज करून ठेवाच.