मार्माइट ते मूठभर गोळ्या

हल्ली जनुकांची तपासणी करून घेण्याचे पेव फुटले आहे. थुंकी नळीत भरून पाठवायची, काही दिवसांनी रंगीत अहवाल हजर! त्यात 'एमटीएचएफआर' जनुकात फरक आहे, तुमचे मिथिलेशन मंद आहे असे निघाले की माणूस घाबरतो. मग कुणीतरी सांगते, शरीराला गंज चढतोय, रोज अँटिऑक्सिडंट घ्या. आमच्या पेन्शनर मंडळींतही आता असे डबे दिसू लागलेत. मी काही डॉक्टर नव्हे. जन्मभर इतिहास शिकवला, म्हणून या गोळ्यांचा इतिहासच धुंडाळला. आणि गंमत म्हणजे तो आपल्या मुंबईतून जातो.

१९२८ साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई मुंबईत आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत काम करू लागल्या. गरीब गरोदर बायका, त्यातही गिरणीत राबणाऱ्या, तीव्र रक्तक्षयाने दगावत होत्या. विल्सबाईंनी त्या काय खातात ते पाहिले, प्राण्यांवर प्रयोग केले आणि शेवटी मार्माइट देऊन पाहिले. मार्माइट म्हणजे इंग्रज लोक पावाला लावतात तो यीस्टचा काळपट, खारट अर्क. बायका बऱ्या होऊ लागल्या! १९३१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. त्या अर्कात नेमके काय आहे हे कुणालाच ठाऊक नव्हते.

ते कळायला दहा वर्षे गेली. १९४१ मध्ये अमेरिकेत टेक्सासला शास्त्रज्ञांनी चार टन पालकातून एक द्रव्य वेगळे केले. लॅटिनमध्ये 'फोलियम' म्हणजे पान, म्हणून नाव पडले फॉलिक ॲसिड. पुढे १९४५ च्या सुमारास लेडरले कंपनीने ते प्रयोगशाळेत बनवले. तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आपले आंध्रचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. १९९१ मध्ये ब्रिटनच्या एका चाचणीने दाखवले की गरोदर राहण्याआधीपासून ही गोळी घेतल्यास बाळाच्या मज्जारज्जूतले जन्मदोष पुन्हा होण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटते. केवढे मोठे काम!

इथवर सगळे छान. पुढे मात्र वाट वळली.

१९६९ मध्ये किल्मर मॅककली या अमेरिकन डॉक्टरांनी मांडले की रक्तात होमोसिस्टीन वाढले की धमन्या खराब होतात. १९९५ मध्ये 'एमटीएचएफआर' जनुकातला तो प्रसिद्ध फरक सापडला. त्याने फोलेट वापरणारे एक एन्झाइम संथ होते आणि आहारात फोलेट कमी असेल तर होमोसिस्टीन वाढते. मग सोपा हिशेब झाला. होमोसिस्टीन उतरवा, हृदय वाचवा. २००६ मध्ये नॉर्वे आणि कॅनडातून दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. गोळ्यांनी होमोसिस्टीन उतरले, हृदयविकाराचे झटके काही कमी झाले नाहीत.

अँटिऑक्सिडंटची कथा तर याहून कडू. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. १९९४ चा निकाल असा, की रोज बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त! अमेरिकेतली तशीच एक चाचणी १९९६ मध्ये मुदतीआधी थांबवावी लागली. आणि जनुकात फरक आहे एवढ्यावरून रोज अशा गोळ्या घेतल्याने फायदा होतो, हे कुठल्याही मोठ्या चाचणीत सिद्ध झालेले नाही. अमेरिकेतल्या जनुकतज्ज्ञांच्या संस्थेने २०१३ मध्ये गुठळ्यांच्या विकारात ही तपासणी सरसकट करू नका, असेच सांगितले.

आता आपल्या घराकडे पाहू. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुणे परिसरातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांना तपासले. २००६ मध्ये आलेल्या त्या अभ्यासात ६७ टक्क्यांत बी-१२ कमी निघाले आणि ५८ टक्क्यांत होमोसिस्टीन जास्त. दोष मुख्यतः बी-१२ च्या कमतरतेचा. आपल्या शाकाहारी ताटात दूध-दही कमी पडले की बी-१२ येणार कुठून? त्यात एक धोका लपलेला आहे. बी-१२ कमी असताना नुसते फॉलिक ॲसिड भरपूर घेतले तर रक्त सुधारलेले दिसते, पण नसांचे नुकसान आत चालूच राहते. हातापायांना मुंग्या येतात, तोल जातो आणि आपण म्हणतो, वय झाले!

विल्सबाईंनी आधी बायकांचे ताट पाहिले, मग औषध शोधले. हा क्रम आपण उलटा केला आहे.

असो. गोळ्या एकदम बंद करा असे मी म्हणणार नाही, ते तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचे. पण हजारो रुपये खर्चून जनुकाचा अहवाल मागवण्याआधी बी-१२ ची साधी रक्ततपासणी करून घ्या, एवढेच या म्हाताऱ्या मास्तराचे सांगणे.