खालाचा अंगठा आणि खिदमतीचा इतिहास

आमच्या मोहल्ल्यात एक खाला आहेत. वय पंच्याहत्तरच्या आसपास. आसपास म्हणतो, कारण त्यांच्या आधार कार्डावर एक वर्ष आहे, रेशन कार्डावर दुसरं आणि त्यांच्या स्वतःच्या आठवणीत तिसरंच. नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल होता, तो जाऊन वीस वर्षं झाली. मुलगा सुरतेला. "अम्मी, चलो" म्हणून तो दरवर्षी ईदला येतो आणि दरवर्षी एकटाच परत जातो. खालांचं उत्तर ठरलेलं असतं, "मेरा घर मेरेको छोडता नई, बेटा."

दोन खोल्या, पुढे वसरी, मागे न्हाणी आणि एक लिंबाचं झाड, एवढंच ते घर. तरी खाला त्या घराच्या मालकीण आहेत. सुरतेच्या एका खोलीत त्या कुणाच्या तरी आई म्हणून राहतील, घराच्या मालकीण म्हणून नाही. हा फरक मला कळायला बरीच वर्षं लागली.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. त्यामुळे मोहल्ल्यातले सगळे कागद कधी ना कधी माझ्या हाताखालून जातात. श्रावणबाळ योजनेसाठी वयाची 65 वर्षं पूर्ण लागतात. शाळेत गेलेल्या बाईचं वय जुन्या उर्दू शाळेच्या दाखलखारिज रजिस्टरात सापडतं. ते रजिस्टर वाचणारे आता तालुक्याला हातावर मोजण्याइतके उरलेत. उर्दू अंकांत दोन आणि तीन यांच्यात फक्त एका दाताचा फरक असतो. शाई फुटलेली, कागद पिवळा पडलेला. एकदा एका आजींच्या जन्मसालातला दोन मी तीन वाचला. खालचं वर्ष अक्षरात लिहिलेलं होतं, तिकडे माझं लक्षच गेलं नाही. माझ्या एका दातापायी त्यांचा अर्ज अख्खं वर्ष मागे पडला. त्या मला कधी काही बोलल्या नाहीत, हे जास्त लागलं. तेव्हापासून या कामाचा इतिहास वाचू लागलो. म्हातारं माणूस आपल्या घरात आपल्या पायांवर राहावं म्हणून शेजारच्यांनी काय केलं, कधी केलं, कसं केलं, हे शोधायचं होतं.

आपल्याकडे ही गोष्ट मदीनेपासून सुरू होते, आणि जुम्याच्या बयानात ती आपण इतक्या वेळा ऐकलेली असते की तिच्यातलं काम दिसत नाही. शहराच्या कडेला एक आंधळी म्हातारी राहत होती. हजरत उमर तिचं पाणी भरायला, घर आवरायला जात, तर त्यांच्या आधीच कुणीतरी येऊन सगळं करून गेलेलं असे. एकदा ते दबा धरून बसले आणि पाहिलं तर ते हजरत अबू बक्र होते, आणि तेव्हा ते खलीफा होते. ही रिवायत आपण खलीफाच्या साधेपणासाठी सांगतो. मला तिच्यात तीन वेगळ्या गोष्टी दिसतात. म्हातारी आपल्याच घरात राहिली, तिला उचलून कुठे नेलं नाही. काम रोजचं होतं, सणावाराचं नाही. आणि कोण येतं हे तिला सांगितलं गेलं नव्हतं, म्हणजे तिच्यावर उपकाराचं ओझं नव्हतं. आज आपण रमजानचा किट देताना फोटो काढतो, त्या फोटोत म्हातारीचा चेहरा पुढे असतो आणि देणाऱ्याचा त्याच्याही पुढे.

दुसरी रिवायत कमी सांगितली जाते. काजी अबू यूसुफ हे हारून रशीदच्या काळातले. त्यांच्या 'किताबुल खराज' या महसुलावरच्या ग्रंथात ती आली आहे. हजरत उमरांना दारोदार मागणारा एक आंधळा म्हातारा भेटतो, तो यहुदी असतो. उमर त्याला आपल्या घरी नेऊन काहीतरी देतात आणि मग बैतुलमालच्या कारभाऱ्याकडे पाठवतात. याची आणि याच्यासारख्यांची सोय करा, जवानीत यांच्याकडून कर घेतला आणि म्हातारपणी यांना वाऱ्यावर सोडलं तर तो इन्साफ नव्हे, असा त्यांच्या हुकुमाचा आशय. एकाच माणसाच्या नावावर या दोन गोष्टी आहेत, एक हाताने केलेल्या कामाची आणि दुसरी खजिन्यातून द्यायच्या हक्काची. पुढे चौदाशे वर्षं या दोन वाटा कधी एकत्र चालल्या, बहुतेक वेळा वेगळ्या.

वऱ्हाडात ही दुसरी वाट इंग्रजांच्या काळात दिसते, तीही दुष्काळातून. 1853 मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. पुढे त्याच्या सहा जिल्ह्यांत बुलढाणा एक. 1870 मध्ये लॉर्ड मेयोने जलंब ते खामगाव ही रेल्वे खुली केली, आणि पांढरं सोनं मुंबईकडे धावू लागलं. त्या सोन्याच्या मुलुखात 1899-1900 सालचा दुष्काळ पडला. 1880 च्या दुष्काळ आयोगानंतर सरकारने दुष्काळ संहिता तयार केल्या होत्या. धडधाकट माणसाने खडी फोडायला जायचं, हा त्यांचा मुख्य नियम. पण खडी फोडू न शकणाऱ्यांसाठी वेगळं कलम होतं. आंधळे, लंगडे, जर्जर म्हातारे, आणि ज्यांना सांभाळणारं नातेवाईक नाही असे, यांना गावातच फुकट मदत द्यायची. पडदानशीन बायकांना घरपोच. यादी गावच्या कारभाऱ्यांनी करायची, म्हणजे पाटील-पटवाऱ्यांनी.

आजचं तहसील कार्यालय आणि ती यादी यांत मला फार अंतर दिसत नाही. नावं कोण घालणार, कोणाची राहून जाणार, सांभाळणारा मुलगा आहे की नाही हे कोण ठरवणार, प्रश्न तेच आहेत. त्याच काळात लोकवर्गणीतून भारतीय दुष्काळ धर्मादाय निधी उभा राहिला. सरकार पोटापुरतं देणार, निधीने त्यावर थोडं काही द्यायचं, अशी वाटणी होती. निधीच्या उद्देशांत पहिलाच उद्देश म्हातारे, दुबळे आणि आजारी यांना अन्नवस्त्राचा थोडा जास्तीचा दिलासा देण्याचा होता. हे वाटप स्थानिक समित्यांनी करायचं होतं. इंग्रजांचं मला काही कौतुक नाही, त्या दुष्काळात किती माणसं मेली हे आपल्याला ठाऊक आहे. पण धान्य सरकारचं आणि कांबळं शेजाऱ्याचं, ही वाटणी कागदावर कुणीतरी लिहून ठेवली होती, एवढं नोंदवतो.

स्वातंत्र्यानंतर उत्तर प्रदेशने 1957 मध्ये वृद्धांना पेन्शन सुरू केली, देशात पहिल्यांदा. महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजना आली 1980 मध्ये. तेव्हा मुख्यमंत्री होते बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले, महाराष्ट्राचे पहिले आणि आजवरचे एकमेव मुस्लिम मुख्यमंत्री. अंतुले म्हटलं की लोकांना सिमेंट आठवतं. ते आठवू नये असं मी म्हणणार नाही. पण आज बुलढाणा जिल्ह्याच्या कुठल्याही तहसीलात जा, 'संजय गांधी शाखा' अशी पाटी असते आणि तिच्यासमोर बाकावर लुगड्यातल्या आणि बुरख्यातल्या म्हाताऱ्या शेजारी शेजारी बसलेल्या असतात. त्या बाकाचं श्रेय अंतुल्यांच्या खात्यावर कुणी सहसा मांडत नाही. 15 ऑगस्ट 1995 पासून केंद्राची वृद्धापकाळ पेन्शन आली, राज्याची श्रावणबाळ योजनाही चालू झाली. रक्कम 600 ची 1000 झाली 2019 मध्ये आणि 1500 झाली 2023 मध्ये. 2007 च्या कायद्याने आईबाप प्रांताकडे अर्ज करून मुलांकडून निर्वाहखर्च मागू शकतात. आमच्या खालांना हे मी एकदा समजावून सांगितलं. त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "बेटे पे केस?"

शरियतही इथे पक्की आहे. आईबापांना जकात देता येत नाही, कारण त्यांना पोसणं हे मुलांचं फर्जच आहे, खैरात नाही. पण मुलगा सुरतेला बॉयलरसमोर बारा तास उभा असेल आणि आई इथे न्हाणीत घसरली असेल, तर ते फर्ज त्या संध्याकाळी कोण पार पाडणार? 1500 रुपये न्हाणीत हात धरायला येत नाहीत.

हात धरायला येण्याचं काम नीट उभं राहिलेलं मला सापडलं ते केरळात, आणि योगायोगाने मलप्पुरम जिल्ह्यात, जिथे सत्तर टक्के लोक मुसलमान आहेत. 1993 मध्ये कोझिकोडच्या सरकारी मेडिकल कॉलेजात डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या साथीदारांनी कॅन्सरच्या रुग्णांचं दुखणं कमी करण्यासाठी एक संस्था सुरू केली. थोड्याच वर्षांत त्यांच्या लक्षात आलं की रुग्ण दवाखान्यात काही तास असतो आणि घरी उरलेला सगळा वेळ. मग विसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस मलप्पुरमपासून शेजाराचं जाळं विणायला सुरुवात झाली. आठवड्याला किमान दोन तास देईल त्याला शिकवायचं. रिक्षावाले, विद्यार्थी, शेतकरी, घरातल्या बायका. पैसा गावातूनच, रुपया-रुपया करून. कॅन्सरपासून सुरू झालेलं काम अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांपर्यंत गेलं. डॉक्टर आणि नर्स मागे, शेजारी पुढे. औषधाबरोबर घरात तांदूळ आहे का, पोराची फी भरली का, हेही तेच पाहतात. 2008 मध्ये केरळ सरकारने यासाठी राज्याचं धोरण केलं आणि ग्रामपंचायतींना यात ओढलं. मस्जिद, मंदिर, चर्च, लाल झेंडा, हिरवा झेंडा, सगळे एका रजिस्टरात. मलप्पुरमचं नाव आपल्याकडच्या टीव्हीवर कुठल्या कारणांनी येतं ते आठवा आणि हे त्याच्या शेजारी ठेवा.

आपल्या महाराष्ट्रात असं काही झालंच नाही असं नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने 1990 च्या दशकात गावातल्याच बायकांना नवजात बाळ घरात सांभाळायला शिकवलं आणि 39 गावांत बालमृत्यू निम्म्याहून खाली आणले. त्यातला धडा पुढे देशभरच्या आशाताईंपर्यंत गेला. पाळण्यासाठी हे जमलं तर बाजेसाठी का जमू नये? 2018 नंतर आशांच्या कामात म्हाताऱ्यांची विचारपूसही आली, पण एका ताईच्या पिशवीत आधीच किती रजिस्टरं आहेत ते मी पाहिलंय. 2021 पासून 14567 ही वृद्धांसाठीची हेल्पलाइन आहे. चांगली गोष्ट आहे, ज्याच्या हातात फोन आहे आणि फोनमध्ये रिचार्ज आहे त्याच्यासाठी.

स्वयंसेवक बुलढाणा जिल्ह्याला नवे नाहीत. शेगावला गजानन महाराजांच्या संस्थानात पाळीपाळीने येऊन बिनपगारी झाडलोट करणारे, पंगत वाढणारे सेवेकरी हजारोंनी आहेत. माझ्याबरोबरचे एक गुरुजी वर्षातले काही दिवस तिथे जोडे सांभाळतात. आमच्याकडे सैलानीच्या यात्रेत पाणी वाजणारे कमी नाहीत. मोहल्ल्यात जनाजा निघाला तर दहा मिनिटांत शंभर खांदे येतात. आदल्या दिवशी त्याच माणसाला लघवीला नेणारा एक खांदा मिळत नाही, ही माझी तक्रार आहे आणि ती मी मस्जिदीच्या पायऱ्यांवरही केली आहे. एक बुजुर्ग रागावले. दुसऱ्या दिवशी त्यांनीच नातवाला पाठवलं.

आमचं काम फार छोटं आहे. माझी बायको, शेजारच्या दोघी, तीन कॉलेजचे पोरं आणि मी. एका वहीत सहा घरं. सुरुवातीला आम्ही चुकलोच. खालांकडे रोज डबा द्यायला लागलो. चौथ्या दिवशी त्यांनी डबा तसाच परत पाठवला. मी गेलो तर चुलीपाशी बसल्या होत्या. "रोटी मैं पकाऊंगी. आटा पिसाके ला." त्या दिवशी वहीतला डबा खोडला आणि दळण लिहिलं. मग न्हाणीत भिंतीला धरायला लोखंडी नळी बसवली, बल्बचं बटण हाताच्या उंचीवर घेतलं, बीपीच्या गोळ्या सकाळ-संध्याकाळच्या दोन रंगांच्या पुड्यांत बांधल्या. अंघोळीला कुणी सोबत लागलं तर बाईच जाते. पाणी मात्र त्या स्वतः काढतात, अर्धी बादली, दोन खेपा.

सगळ्यात अवघड अंगठाच. आयुष्यभर कापूस वेचून आणि भांडी घासून त्यांच्या बोटांवरच्या रेघा गेल्यात. मशीन म्हणतं, ही बाई ही बाई नाही. वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो, आणि एका वर्षी तो वेळेत पोचला नाही म्हणून पैसे थांबले. खाला जिवंत आहेत हे सांगायला आम्ही चार फेऱ्या मारल्या. त्या स्वतः दोनदा आल्या, रिक्षातून उतरून, साहेबांना सलाम करून.

यंदा गुरुवारी नेलं. आदल्या रात्री हाताला खोबरेल लावलं, सकाळी कोमट पाण्याने धुतलं. तीनदा लाल लागलं. चौथ्यांदा पोराने डोळ्यांचं मशीन आणलं, ते लागलं. पावती निघाली. खालांनी ती माझ्यासमोर धरली आणि नाव वाचायला सांगितलं. मी वाचलं. मग जन्मसाल वाचायला सांगितलं. मी चष्मा पुसला, दोनदा पाहिलं आणि मग वाचलं.